त्याग की टाकणं?

बालगृहातल्या मुलींविषयीचा एक इंग्रजी अहवाल मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. तिसऱ्याच पानावर एक साधं वाक्य होतं आणि त्यात 'अबॅन्डन' हे क्रियापद होतं. मुलगी सहा वर्षांची असताना वडिलांनी कुटुंबाला अबॅन्डन केलं, एवढाच मजकूर. मी हात न थांबवता लिहिलं : 'मुलगी सहा वर्षांची असताना वडिलांनी कुटुंबाचा त्याग केला.' वाक्य शुद्ध होतं, कोशाला धरून होतं. दुसऱ्या दिवशी ते मोठ्यानं वाचलं आणि मला लाज वाटली. एक माणूस बायकोला आणि तीन मुलांना मागे ठेवून, पत्ता न सांगता निघून गेला होता, आणि माझ्या वाक्यानं त्याला मोठेपणा बहाल केला होता.

तेव्हापासून या एका क्रियापदाच्या मागे मी लागले आहे. कायद्याच्या मराठीत, सरकारी अर्जांत, संस्थांच्या अहवालांत आणि पुष्कळदा बातम्यांतही माणसानं माणसाला सोडून जाण्यासाठी आपण 'त्याग' आणि 'परित्याग' हेच शब्द वापरतो. माझं म्हणणं असं आहे की हे भाषांतर चूक आहे, आणि ती चूक नुसती शैलीची नाही. ज्यानं सोडलं त्याची जबाबदारी त्या शब्दाआड जाते आणि जिला सोडलं तिच्या कपाळी मात्र त्याच शब्दाचा शिक्का बसतो.

'त्याग' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? देशासाठी केलेला त्याग, आईचा त्याग, सर्वसंगपरित्याग. मानपत्रात आणि शोकसभेत शोभणारा हा शब्द. त्याच्या पोटात एक अट आहे : जे सोडायचं ते आपलं असतं, आपल्याला प्रिय असतं, आणि सोडल्यानंतर झळही आपल्यालाच बसते. टाकण्यात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे झळ टाकलेल्याला बसते, टाकणारा मोकळा होतो. झळ कोणाला बसली हाच दोन क्रियांमधला फरक असेल, तर तोच फरक पुसणारा शब्द भाषांतरात कसा चालवून घ्यायचा?

संस्कृतचे जाणकार इथे हरकत घेतील. 'परित्याग' हा मुळात गौरवाचा शब्द नाही, असं ते म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभीच अर्जुन संन्यास आणि त्याग यांतलं तत्त्व वेगवेगळं विचारतो. उत्तरात त्यागाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार येतात. वाट्याला आलेलं कर्तव्य मोहानं सोडून देणं हा तामस प्रकार, 'मोहात्तस्य परित्यागस्तामसः परिकीर्तितः'. देहाला कष्ट होतील या भयानं सोडणं हा राजस. अशा सोडण्यातून त्यागाचं फळ मिळत नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे घरची जबाबदारी झटकून निघालेल्या माणसाचं काय करायचं याचा निवाडा परंपरेनं केव्हाच करून ठेवला आहे. पण तो निवाडा आजच्या मराठीत उतरला नाही. आपण तिन्हींतला एकच त्याग उचलला, सात्त्विक तेवढा, आणि शब्दाला कायमची शाल पांघरली.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्या तोंडी इतकं रुळलं आहे की ते खटकतही नाही. 'सीतात्याग'. रामाने सीतेचा त्याग केला, असं आपण म्हणतो. या वाक्यात दुःख कोणाचं आहे? वाक्याची घडणच अशी आहे की आपली पहिली सहानुभूती रामाकडे जाते. राजानं प्रजेसाठी केवढं सोडलं! गर्भवती बाई अरण्यात एकटी उभी आहे, ती वाक्यात षष्ठी विभक्तीपुरती उरते. जात्यावर बसलेल्या बायकांनी मात्र हा शब्द आपलासा केला नाही. त्यांच्या ओव्यांत येतो तो सीतेचा वनवास. कथा एकच. दळणाऱ्या बाईनं ती रानातून सांगितली, पंडितानं राजवाड्यातून.

इंग्रजी शब्दाची जन्मकथाही इथे उपयोगी पडते. 'अबॅन्डन' चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये 'बांदों' म्हणजे ताबा, हुकमत. एखादी गोष्ट कोणाच्या 'बांदों'खाली देणं म्हणजे ती त्याच्या सत्तेत सोपवणं. त्याच्याही मागे 'बान' आहे, जाहीर हुकूम किंवा फर्मान. बंदीसाठीचा 'बॅन', हद्दपारीसाठीचा 'बॅनिश', चोरट्या मालासाठीचा 'कॉन्ट्राबॅन्ड' हे सगळे त्याच घरचे. (गुळगुळीत, सामान्य अशा अर्थाचा 'बनाल'ही याच गोतावळ्यातला, सरंजामदाराच्या हुकमानं गावातल्या सगळ्यांना जी एकच गिरणी, एकच भट्टी वापरावी लागे, तिच्यावरून तो आला.) थोडक्यात, आरंभी अबॅन्डन करणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हतं, ते दुसऱ्याच्या हाती देणं होतं. शोकाच्या किंवा व्यसनाच्या अधीन होणं, हा अर्थही तिथूनच निघाला. इंग्रजीत एके काळी 'अबॅन्डन्ड' बाई म्हणजे दुराचाराच्या आहारी गेलेली बाई असाही अर्थ होता. सोडून दिलेल्या बाईवरच ठपका ठेवण्याची खोड एकट्या मराठीची नाही, हे त्यावरून कळतं.

हा जुना अर्थ एका कोपऱ्यात अजून जिवंत आहे. सागरी विम्यात जहाज प्रत्यक्ष बुडालेलं नसलं, पण ते वाचवण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त होणार असला, तर मालक विमा कंपनीला 'अबॅन्डनमेंट'ची नोटीस देतो. जहाजाचं जे काही उरलं असेल त्यावरचा आपला हक्क तो विमा कंपनीकडे सोपवतो आणि पूर्ण भरपाई मागतो. आपल्याकडच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही ही तरतूद आहे. इथे 'परित्याग' लिहिलं तर काहीच कळत नाही. 'स्वाधीन करणं' म्हटलं की सगळं उलगडतं. आणि गंमत नव्हे, खरोखर आनंदाची गोष्ट अशी की 'स्वाधीन'मधला 'अधीन' म्हणजेच तो फ्रेंच 'बांदों'. मूळ शब्दाचा अर्थ आपल्या बोलीत असा आयता होता.

जहाजापेक्षा मुलांच्या बाबतीत हा भेद फार मोलाचा ठरतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक, आईवडिलांनी सोडून दिलेलं मूल, ज्याला बालकल्याण समिती चौकशीअंती तसं जाहीर करते. दुसरी, परिस्थितीपुढे हतबल होऊन आईबापांनी समितीसमोर येऊन स्वाधीन केलेलं मूल. दुसऱ्या प्रकारात आईवडिलांना निर्णयाचा फेरविचार करायला दोन महिने मिळतात. त्याच कायद्यात असंही म्हटलं आहे की जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलेलं नाही असं धरलं जाईल आणि शिक्षा लागू होणार नाही. कायद्यानं इतक्या नाजूकपणे छाटलेला फरक मराठीत पोहोचायचा असेल तर टाकलेलं, सोडावं लागलेलं आणि स्वाधीन केलेलं अशी तीन क्रियापदं लागतात. तिन्ही आपल्याकडे आहेत. 'सोडावं लागलं' यातलं 'लागलं' तर असं आहे की बळजबरी आणि नाइलाज दोन्ही एका शब्दात येतात. इंग्रजीला त्यासाठी अख्खं पोटवाक्य खर्चावं लागतं.

सोडण्याच्या क्रियेत मराठी गरीब नाही, हे आपण विसरतो. 'सोडून जाणं' यात जाणारा हलतो आणि राहिलेला जागीच राहतो. 'सोडून देणं' यात पकड सुटते, सोडणारा तिथेच असू शकतो. 'टाकून जाणं' यात ओझं रस्त्यात उतरवून पुढे चालू लागल्याचा भास आहे. 'टाकून देणं' यात कायमचेपणा आहे. 'टाकणं' हे नुसतं सहायक म्हणून आलं तरी तो कायमचेपणा सोबत आणतं : विकून टाकलं, बोलून टाकलं, एकदाचं करून टाकलं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलाला 'पूर्णपणे' सोडून देण्याच्या उद्देशानं कुठे उघड्यावर ठेवणाऱ्या पालकाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा कलम ९३ म्हणून राहिला आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातही हाच शब्दप्रयोग आहे. म्हाताऱ्या आईबापांना असं कुठे सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्हीकडे तो 'पूर्णपणे' महत्त्वाचा, कारण तासाभरासाठी सोडणं वेगळं. मराठीत हा क्रियाविशेषणाचा भार 'टाकून देणं' एकटं पेलतं.

आणखी एक गोष्ट पाहा. माणूस सोडून इतर कशालाही हे इंग्रजी विशेषण लागलं की आपल्याला सहज मराठी सुचतं. जमीन पडीक. गाव ओसाड. वाडा पडका. रस्त्याकडेला महिनोन् महिने उभी असलेली गाडी बेवारस. सामना पावसामुळे अर्ध्यावर थांबवलेला. कोणी 'परित्यक्त वाहन' म्हणत नाही. जिवंत माणसाची गोष्ट आली की मात्र आपण चटकन संस्कृतकडे धावतो, जणू बोलीतला शब्द उच्चारला तर जखम दिसेल.

तरी सगळ्याच माणसांच्या बाबतीत आपण असे धावत नाही, आणि इथे माझा खरा आक्षेप आहे. नवजात बाळ कुठे सापडलं की बातमीत 'टाकलं' हा शब्द लगेच येतो, 'निर्दयी माता' हे विशेषण त्याच्या आधी येतं, आणि त्या बाळाला बापही असेल हे कोणाच्या लक्षात येत नाही. पुरुष बायकोपोरांना सोडून साधनेला गेला की तो 'गृहत्याग'. बाई घर सोडून गेली की ती 'पळून गेली'. नवऱ्यानं बायकोला टाकलं की घटना वाक्यातून नाहीशी होते आणि मागे एक विशेषण उरतं, 'परित्यक्ता'. बाईच्या हातून घडलं की क्रियापद, पुरुषाच्या हातून घडलं की बाईला विशेषण. ही वाटणी कोणी ठरवून केली असं मी म्हणत नाही. पण रोज लिहिणाऱ्या माणसांनी ती रोज नव्यानं पक्की केली आहे.

राज्य शासनाच्या २०२४ च्या लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार अशा महिलांचा उल्लेख आहे. लाभ मिळावा म्हणून अशी वर्गवारी लागते, हे मला मान्य आहे. पण कुठल्याही अर्जात पुरुषाला 'आपण पत्नीला टाकले आहे काय' असा रकाना मी पाहिलेला नाही. जनगणनेत वैवाहिक स्थितीच्या पर्यायांत 'विभक्त' असा एक आहे. त्यात दोघं सारख्याच अंतरावर उभे दिसतात, जणू दोघांनी मिळून ठरवलं.

'परित्यक्ता' शब्दाच्या बाजूनं एक मोठा युक्तिवाद आहे आणि तो मी हलका मानत नाही. गावात 'टाकलेली' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बायकांना १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीनं एकत्र आणलं, त्यांचा प्रश्न सार्वजनिक केला, आणि तेव्हा 'परित्यक्ता' या शब्दानं त्यांना सभेत उभं राहण्याइतकी प्रतिष्ठा दिली. पोटगी, रेशनकार्ड, घरावरचा हक्क मागताना मागणीला नाव लागतं. हे नाव त्या बायकांच्या कामी आलं आहे. ते आज काढून घ्या, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण हिणवणं नेमकं कुठे होतं, ते बघायला हवं. 'टाकणं' या क्रियापदात अपमान नव्हता. तो त्याचं विशेषण करून बाईला चिकटवण्यात होता. 'नवऱ्यानं टाकलेली' यात निदान नवरा शिल्लक असतो. 'परित्यक्ता'मध्ये तो विरघळून गेलेला असतो. म्हणून विशेषणाला विशेषण हा उतारा पुरेसा नाही. वाक्य हवं, आणि वाक्याला कर्ता हवा : 'पतीने तिला २०११ साली टाकले.' असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, तो कुठे आहे आणि पोटगी देतो का.

न्यायालयीन मराठीत तर कर्ता कोण हाच कित्येकदा वादाचा मुद्दा असतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं सलग किमान दोन वर्षं सोडून राहणं हे घटस्फोटाचं एक कारण आहे. तिथला इंग्रजी शब्द 'डेझर्शन'. त्याचं लॅटिन मूळ जोडलेलं उसवण्याचं आहे, आणि वाळवंटासाठीचा इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा, माणसांनी सोडलेली जागा म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं १९५६ सालीच सांगितलं की नुसतं वेगळं राहणं म्हणजे डेझर्शन होत नाही, सहजीवन कायमचं संपवण्याचा इरादाही लागतो. शिवाय समोरच्याची संमती नसावी आणि त्याच्या वागण्यानं जाणाऱ्याला जायला वाजवी कारण मिळालेलं नसावं. म्हणजे मारहाणीला कंटाळून बाई माहेरी गेली, तर उंबरठा तिनं ओलांडला असला तरी सोडणारी ती ठरत नाही. घरात बसून राहिलेला नवराच सोडणारा ठरू शकतो. आता हीच गोष्ट एखाद्या अर्जात 'पत्नीने पतीचा परित्याग केला' अशी लिहिली की काय होतं? कायद्यानं उलगडून ठेवलेला गुंता पुन्हा आवळला जातो. 'ती घर सोडून गेली', 'तिला घर सोडावं लागलं' आणि 'तिला घराबाहेर काढलं' ही तीन वेगळी वाक्यं आहेत, तीन वेगळे निकाल आहेत. ज्या बाईचा दावा आहे तिला तिन्ही समजतात. 'परित्याग' तिला वकिलाकडून समजून घ्यावा लागतो, आणि आपल्यावर काय आरोप आहे हे समजून घेण्यासाठी दुसऱ्याची गरज पडणं हा न्यायाचा मोठा पराभव आहे.

१९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला, आणि त्या पिढीनं अपार मेहनतीनं कायद्याची, प्रशासनाची परिभाषा उभी केली. तेव्हा प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द बसवणं ही गरज होती, नाहीतर काम सुरूच झालं नसतं. नामासाठी ही पद्धत निभते. क्रियापदाला ती तोकडी पडते, कारण क्रियापदाच्या आगेमागे माणसं असतात. माझी मागणी साधी आहे. परिभाषाकोशात या नोंदीसमोर एक शब्द न देता वापर द्यावेत : मूल टाकणे, आईबापांना वाऱ्यावर सोडणे, हक्क सोडणे, मालमत्ता बेवारस टाकणे, ताबा स्वाधीन करणे. 'त्याग' फक्त त्यासाठी ठेवावा, जिथे सोडणाऱ्यानं स्वतः काही गमावलं आहे.

त्या अहवालाचं मी काय केलं तेही सांगते. वडिलांविषयीचं वाक्य बदलून 'वडील कुटुंबाला टाकून निघून गेले' असं केलं. संस्थेतल्या एका ताईंना ते कठोर वाटलं. मुली पुढे कधी वाचतील, त्यांना काय वाटेल, असं त्या म्हणाल्या. त्यांची काळजी खरी होती आणि माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मग मी त्यांना विचारलं, मुलाखत कोणत्या भाषेत झाली होती? अर्थातच मराठीत. मुलीनं मराठीत सांगितलं, कोणीतरी इंग्रजीत लिहून घेतलं, आणि मी ते पुन्हा मराठीत आणत होते. ताईंनी कपाटातून मूळ टिपणांची वही काढली. मुलीचे शब्द पेन्सिलनं जसेच्या तसे उतरवलेले होते :

'बाबा आम्हाला ठेवून गेले.'

'लीव्ह' या साध्या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ मागे राहू देणं असा आहे. मुळात ते जाणाऱ्याकडे बघतच नाही, जे मागे उरतं त्याच्याकडे बघतं. सहा वर्षांच्या वयात घडलेलं सांगताना या मुलीनंही तिकडूनच पाहिलं होतं, जिथे ती उभी होती तिथून. मी माझं वाक्य खोडलं आणि तिचं लिहिलं.